17 मिनिटं हातात होती, जायला जागा नव्हती : जॉप्लिनच्या टोर्नेडोचं प्रकरण

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, कॅन्सस आणि ओक्लाहोमाच्या हद्दींजवळ जॉप्लिन हे शहर आहे. वस्ती 50,000 च्या आसपास. शिसं आणि जस्ताच्या खाणींवर वाढलेलं हे गाव. 22 मे 2011 ला, रविवारी संध्याकाळी, या शहराच्या भर वस्तीतून टोर्नेडो गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे 'निस्ट'च्या, तपासानुसार 161 माणसं गेली आणि हजाराहून जास्त जखमी झाली. 1947 साली वुडवर्डच्या टोर्नेडोने 181 बळी घेतले होते. त्यानंतरच्या 64 वर्षांत एकट्या टोर्नेडोने एवढी माणसं अमेरिकेत मारली नव्हती.

अभ्यासासाठी हेच प्रकरण निवडलं, कारण इथे 'काही कळायच्या आत घडलं' असं म्हणायची सोय नाही. रडार होतं, हवामान खात्याचं कार्यालय जागं होतं, गावभर भोंगे होते, टीव्हीवर बातमी चालू होती. तरीही इतके मृत्यू झाले. ते का झाले, याचा शोध निस्टने जवळजवळ तीन वर्षं घेतला आणि 2014 मध्ये अहवाल दिला. वारा, इमारती, इशारे आणि माणसांचं वागणं, हे सगळं एकत्र घेऊन एका टोर्नेडोचा इतका खोलवर तपास त्याआधी क्वचितच झाला असेल.

आधी एक फरक ध्यानात घेऊ. कोकणातल्या माणसाला वादळ म्हटलं की 'निसर्ग' आठवतं. 3 जून 2020 ला ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, पण त्याआधी दोन दिवस त्याचा मार्ग टीव्हीवर दिसत होता आणि किनाऱ्यावरची माणसं हलवली जात होती. समुद्रावरचं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि दिवसेंदिवस चालतं. टोर्नेडो त्यामानाने टीचभर. एका प्रचंड, फिरत्या मेघगर्जनेच्या ढगाखालून तो जमिनीला टेकतो, काही मिनिटं ते तास-दीड तास टिकतो. जॉप्लिनचा टोर्नेडो जास्तीत जास्त दीड किलोमीटरच्या आसपास रुंद होता, त्याचा माग जेमतेम 35 किलोमीटरचा आणि आयुष्य 38 मिनिटांचं. एखाद्या घरावरून तो जायला मिनिट-दोन मिनिटं लागली असतील. टोर्नेडो कोणत्या गल्लीत उतरणार हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही. आजचा दिवस धोक्याचा आहे एवढंच सांगता येतं, नेमका इशारा मिळतो तो मिनिटांच्या हिशेबात.

संध्याकाळचा क्रम

दुपारी दीड वाजताच हवामान खात्याने सावधानतेची सूचना काढली होती: या भागात आज टोर्नेडो होऊ शकतो. मे महिन्यात त्या मुलखात अशी सूचना नवलाची नाही. गावात त्या दिवशी हायस्कूलचा पदवीदान समारंभ होता. तो शाळेत न होता विद्यापीठाच्या आवारात झाला, हे पुढे शेकडो जणांच्या जिवाला उपकारक ठरलं, कारण शाळेची इमारत तासाभरात उद्ध्वस्त होणार होती.

5 वाजून 9 मिनिटांनी पहिला पक्का इशारा निघाला. तो शहराच्या उत्तरेकडचा काही भाग धरून असलेल्या एका वेगळ्या ढगासाठी होता. 5:11 ला भोंगे वाजले, तीन मिनिटं. मग थांबले. 5:17 ला दुसरा इशारा निघाला, आणि शहराच्या दक्षिण भागासाठी, जिथून पुढे खरोखर टोर्नेडो गेला तिथल्यासाठी, हाच इशारा खरा होता. पण तो निघाला तेव्हा भोंगे पुन्हा वाजले नाहीत. 5:34 ला शहराच्या पश्चिम कडेला टोर्नेडो जमिनीला टेकला. 5:38 ला भोंगे दुसऱ्यांदा वाजले. 5:41 ला तो शहरातल्या मोठ्या दवाखान्यावर होता.

म्हणजे कागदावर 17 मिनिटं मिळाली. टोर्नेडोच्या बाबतीत हा वेळ चांगला मानतात. पण घरात बसलेल्या माणसाने काय ऐकलं? सव्वापाचच्या आधी भोंगा वाजला आणि गप्प झाला. गप्प झाला म्हणजे धोका टळला, असं अनेकांनी धरलं. 24 मिनिटांनी तो पुन्हा वाजला तेव्हा काहींना वाटलं की हा 'आता सगळं ठीक आहे' सांगणारा भोंगा असावा. बाकीच्यांच्या हातात तीन-चार मिनिटं उरली होती.

हवामान खात्याने नंतर शंभरेक लोकांच्या मुलाखती घेतल्या. बहुतेकांनी पहिला भोंगा ऐकून लगेच आसरा घेतला नव्हता. कुणी टीव्ही लावला, कुणी फोन केला, कुणी दारात येऊन आकाश पाहिलं. दोन-तीन वेगवेगळ्या खुणा पटल्यावरच माणसं हलली. त्यांना दोष देणं सोपं आहे आणि तेव्हाही तो दिला गेला. मला तो अन्याय वाटतो. जॉप्लिनमध्ये भोंगा टोर्नेडोसाठी वाजायचा तसा नुसत्या जोराच्या वाऱ्यासाठीही वाजायचा, शिवाय दर सोमवारी सकाळी त्याची चाचणी असायची. देशभरात टोर्नेडोच्या दर चार इशाऱ्यांतले जवळजवळ तीन फुकट जायचे. अशा गावात वाढलेला माणूस भोंगा ऐकून आधी खात्री करणारच. कित्येकांनी तर सांगितलं की वादळं जॉप्लिनला बगल देऊन जातात अशी त्यांची समजूत होती, आणि ही समजूत वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आली होती.

त्यात त्या टोर्नेडोने आकाश पाहणाऱ्यालाही फसवलं. चित्रात दिसते तशी सोंड इथे नव्हतीच. पावसाच्या दाट पडद्यात तो पूर्ण झाकलेला होता आणि टेकल्यावर फार झपाट्याने रुंद झाला. पश्चिमेला पाहणाऱ्याला नुसती काळी भिंत आणि पाऊस दिसला. डोळ्यांनी खात्री करायची ज्यांना सवय होती, त्यांना खात्री झाली तोवर काचा फुटत होत्या.

आसरा घ्यायचा कुठे?

इथवरची गोष्ट अनेकांनी सांगितली आहे, आणि 'लोकांनी इशारा मनावर घेतला नाही' एवढ्यावर ती संपवली आहे. निस्टचा अहवाल वाचताना मला जे जास्त सलतं ते पुढचं आहे. मेलेल्यांपैकी पुष्कळ जण त्यांना माहीत असलेल्या सगळ्यात सुरक्षित जागी पोचले होते. ती जागाच पुरेशी नव्हती.

अमेरिकेत टोर्नेडोचा पहिला धडा असा: तळघरात जा. जॉप्लिनमधल्या पाचातल्या चार घरांना तळघर नव्हतं. जमीन खडकाळ, खाली पाणी वरच लागतं, खणायचा खर्च मोठा. मग दुसरा धडा: सगळ्यात खालच्या मजल्यावर, घराच्या मधोमध, खिडकी नसलेली खोली गाठा. न्हाणीघर, कपाटाची खोली, जिन्याखालची जागा. हा सल्ला मध्यम ताकदीच्या टोर्नेडोत जीव वाचवतो, आणि त्या दिवशीही त्याने शेकडो वाचवले, कारण टोर्नेडोच्या पट्ट्यातल्या बऱ्याच मोठ्या भागात वारा मध्यम ताकदीचाच होता. पण मधल्या गाभ्यात वेग ताशी 320 किलोमीटरच्या पुढे गेला, टोर्नेडोची ताकद मोजणाऱ्या ईएफ-0 ते ईएफ-5 या मोजपट्टीवर श्रेणी सगळ्यात वरची, ईएफ-5. तिथे घराची मधली खोलीही घराबरोबर गेली. गावात सार्वजनिक निवारा एकही नव्हता.

मृत्यूंची वाटणी पाहिली की चित्र स्पष्ट होतं. निम्म्याहून थोडे जास्त लोक घरात मेले, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास दुकानं, चर्च, शुश्रूषागृह अशा इमारतींत, आणि उरलेले गाडीत किंवा उघड्यावर. म्हणजे बहुसंख्य माणसं छपराखाली होती. वृद्धांच्या एका शुश्रूषागृहातच दहाहून जास्त जण गेले. ज्यांना उठून चालताही येत नाही अशांसाठी 17 मिनिटं काय आणि सत्तर काय, इमारत टिकली तरच ते वाचणार.

वारा मारतो कसा

टोर्नेडो माणसाला उचलून नेतो ही कल्पना सगळ्यांच्या डोक्यात असते. तसं होतंही. पण जॉप्लिनमधल्या मृत्यूंचं कारण जवळजवळ सगळीकडे एकच नोंदलं गेलं: डोक्याला आणि अंगाला बसलेले जबर मुके मार. माणसं भिंतींनी, तुळयांनी, विटांनी, गाड्यांनी मारली.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 'निसर्ग' किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी 110-120 किलोमीटर होता. जॉप्लिनमधला वेग त्याच्या तिपटीच्या आत, पण दाब जवळजवळ आठपट. त्यातही समोरून लोटणारा दाब ही अर्धीच बाब. छपरावरून वेगाने जाणारा वारा छपराला वर ओढतो, आणि वाऱ्याच्या बाजूची खिडकी किंवा गॅरेजचं दार फुटलं की आत शिरलेला वारा त्याच छपराला खालून ढकलतो. टोर्नेडो येताना खिडक्या उघडल्या की घर वाचतं असा समज तिकडे पिढ्यानपिढ्या होता. तो घातक आहे.

घर मोडतं ते बांधणीतल्या सगळ्यात कच्च्या सांध्यावर. मिसुरीतली साधी घरं लाकडी सांगाड्याची. छपराचे वासे भिंतीच्या माथ्याला तिरप्या ठोकलेल्या दोन-तीन खिळ्यांनी धरलेले असतात. छपराचं वजन खाली दाबायला हे खिळे पुरतात, वर उचलणाऱ्या ओढीपुढे ते निघून येतात. छप्पर गेलं की भिंतींचा वरचा आधार गेला, आणि भिंती जोत्यावर कुठे बोल्टने, कुठे नुसत्या खिळ्यांनी बसवलेल्या. वास्यापासून पायापर्यंत ओढ सलग पोचवणारी साखळी ज्या घरांत नव्हती ती गेली. एकेका सांध्यावर लोखंडी पट्टी आणि जोत्यात जरा जवळ-जवळ बोल्ट, एवढ्याने ईएफ-5 थांबत नाही हे खरं. पण गाभ्याच्या बाहेर, जिथे वारा निम्मा होता, तिथे कित्येक घरं यानेच उभी राहिली असती.

मोठ्या दुकानांची तऱ्हा आणखी वाईट. रेंज लाइन रोडवरच्या होम डेपोच्या भिंती जमिनीवर आडव्या ओतून मग उभ्या केलेल्या काँक्रीटच्या अवजड फळ्यांच्या होत्या. पाहणाऱ्याला वाटावं, यापेक्षा भक्कम काय असणार! पण या फळ्या स्वतःच्या बळावर उभ्या नसतात, वरून त्यांना छपराने धरलेलं असतं, आणि ते छप्पर म्हणजे पोलादी कैच्यांवर टाकलेला हलका पत्रा. पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण कापून काढलं की बाजू जशा लुळ्या पडतात तसं झालं. छप्पर उडालं, पश्चिमेकडच्या फळ्या आत कोसळल्या आणि खाली माणसं चिरडली. पूर्वेकडच्या बाहेर पडल्या, आणि दुकानाच्या मागच्या भागात जमलेली माणसं वाचली. त्याच संध्याकाळी एका पेट्रोलपंपावरच्या छोट्या दुकानात विसेक जण बिअरच्या शीतखोलीत दाटीवाटीने घुसले. वरचं दुकान मोडून पडलं, ती खोली राहिली, आतले सगळे वाचले. चांगल्या बांधलेल्या चार भिंतींची लहान खोली भल्यामोठ्या दालनापेक्षा भरवशाची, हे त्या दोन ठिकाणांनी दाखवलं.

उडणाऱ्या वस्तूंचं म्हणाल तर गाड्या थांबवायला लोखंडी सळ्यांनी जमिनीत रोवलेले सव्वाशे किलोहून जड काँक्रीटचे ठोकळे उपटून कित्येक मीटर दूर जाऊन पडले होते.

दवाखाना

सेंट जॉन्स हा गावातला मोठा दवाखाना, नऊ मजली, त्या संध्याकाळी 183 रुग्ण भरती. धोक्याची घोषणा झाल्यावर परिचारिकांनी रुग्णांचे पलंग खिडक्यांपासून ओढून मधल्या मार्गिकेत आणले, पडदे ओढले, दारं लावली. हे घडलं म्हणून मृत्यू थोडे झाले. तरीही तिथल्या तिथे पाच रुग्ण आणि एक भेटायला आलेली व्यक्ती दगावली. वीज गेली, आणि जनित्रही उरलं नाही. श्वासयंत्रावर असलेल्यांचा जीव जायला तेवढं पुरे होतं.

या इमारतीचा सांगाडा उभा राहिला. काँक्रीट आणि पोलाद आपलं काम चोख करून गेलं. पण खिडक्या सगळ्या मजल्यांवर फुटल्या, वारा आरपार गेला, आतल्या हलक्या भिंती, छत, नळ, यंत्रं, औषधं यांचा चुराडा झाला. छपरावर पसरलेली बारीक खडीसुद्धा वाऱ्याबरोबर गोळ्यांसारखी उडाली. अपवाद एकच: मानसोपचार विभाग. तिथे रुग्णांनी काच फोडू नये म्हणून आघात सोसणारी काच बसवली होती. त्यातल्या बहुतेक खिडक्या शाबूत राहिल्या. काच बसवताना वादळ कुणाच्याही मनात नव्हतं. पण एकाच इमारतीत, एकाच वाऱ्यात, दोन प्रकारच्या काचांची अशी तुलना कुठल्या प्रयोगशाळेत जमली नसती.

अंधारात, गॅसचा वास भरलेला असताना, जिन्यांवरून पाणी वाहत असताना सगळे रुग्ण दीड तासात खाली आणले गेले. स्ट्रेचर पुरेनात म्हणून मोडलेली दारं आणि गाद्या वापरल्या, ॲम्ब्युलन्स पुरेनात म्हणून लोकांच्या पिकअप गाड्या. या दीड तासाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. दवाखान्यातल्या एक्स-रे फिल्म आणि कागद शंभर किलोमीटरहून दूर शेतांत सापडले. इमारत 2012 मध्ये पाडली आणि नवा दवाखाना 2015 मध्ये दुसऱ्या जागी सुरू झाला.

जखमांतली माती

टोर्नेडो निघून गेल्यावरही तो मारत राहिला. पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही जखमा भरत नाहीत. त्यांच्या कडा काळ्या पडताहेत, मांस सडत चाललंय, आणि कापून काढलेल्या भागात बुरशी दिसतेय. म्युकरमायकोसिस. महाराष्ट्राने 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर हाच आजार 'काळी बुरशी' म्हणून पाहिला आणि ॲम्फोटेरिसिन-बी च्या इंजेक्शनसाठी नातेवाईकांनी शहरं पालथी घातली. आपल्याकडे तो मधुमेह आणि स्टिरॉइडच्या वाटेने नाकातून डोळ्यांपर्यंत गेला. जॉप्लिनमध्ये तो सरळ त्वचेतून आला. मातीत आणि कुजक्या लाकडात राहणारी बुरशी, अपोफायसोमायसिस, वाऱ्याने ठिणग्यांसारख्या उडवलेल्या काटक्या-खड्यांबरोबर मांसात खोल रुतली. 13 जणांना तो झाला, पाच दगावले. यातल्या कित्येकांची प्रकृती आधी ठणठणीत होती. एरवी प्रतिकारशक्ती खालावलेल्यांचा म्हणून ओळखला जाणारा आजार तगड्या माणसांना झाला, म्हणून डॉक्टरांना तो ओळखायलाही वेळ लागला. टोर्नेडोतली जखम वरवर धुऊन लगेच टाके घालू नयेत, आतला प्रत्येक तुकडा काढावा, जखम उघडी ठेवून पुन्हा पाहावी, हा धडा तिथल्या शल्यचिकित्सकांनी महागात घेतला.

पुढे काय बदललं, काय राहिलं

इशाऱ्यांची भाषा बदलली. 2012 पासून मिसुरी-कॅन्ससमधल्या काही कार्यालयांनी इशाऱ्यात परिणाम सांगायला सुरुवात केली: घरं भुईसपाट होतील, जीव वाचणं कठीण आहे. ही पद्धत पुढे देशभर गेली. त्याच वर्षी मोबाइलवर थेट धोक्याचा संदेश येऊ लागला. जॉप्लिनने नव्या घरांच्या बांधणीत छप्पर-भिंत-पाया यांचे सांधे बळकट करण्याचे नियम आणले आणि शाळांना जोडून सार्वजनिक निवारे बांधले.

बदल किती हळू पोचतो याचा पुरावा लगेच मिळाला. 20 मे 2013 ला ओक्लाहोमातल्या मूर गावावर ईएफ-5 टोर्नेडो आला. तिथेही इशारा 16 मिनिटं आधी होता. एका प्राथमिक शाळेत सात मुलं भिंत पडून मेली. शिक्षकांनी त्यांना शिकवल्याप्रमाणेच आडोशाला बसवलं होतं. शाळेला निवारा नव्हता.

इमारतींच्या संहितेला तर दहा वर्षं लागली. अमेरिकन सिव्हिल इंजिनियर सोसायटीच्या मानकात टोर्नेडोच्या भाराचं प्रकरण पहिल्यांदा आलं ते 2022 च्या आवृत्तीत. त्याआधी इमारतीचा आराखडा करताना टोर्नेडोचा हिशेबच धरत नसत. एखाद्या ठराविक इमारतीवर तो येण्याची शक्यता अगदी थोडी, असं कारण दिलं जाई. नव्या मानकात दवाखाने, शाळा, अग्निशमन केंद्रं, मोठी सभागृहं येतात, आणि तीही बव्हंशी ईएफ-2 पर्यंतच्या वाऱ्यासाठी. साधं राहतं घर त्यात नाही. चाकांवर आणून ठेवलेली 'मोबाइल होम' तर मुळीच नाहीत. अमेरिकेत घरात होणाऱ्या टोर्नेडो-मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक याच घरांत होतात. तिथे राहणारे बहुतेक कमी मिळकतीचे.

याच मुद्द्याचं सगळ्यात भीषण टोक बांगलादेशात आहे. 26 एप्रिल 1989 ला माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर-साटुरिया भागातून गेलेल्या टोर्नेडोत सुमारे 1,300 माणसं मेली. जगाच्या नोंदीत तो सर्वांत प्राणघातक टोर्नेडो धरतात. इशारा नव्हता, घरं पत्र्याची आणि कुडाची, आणि वाऱ्यात सुटलेला प्रत्येक पत्रा म्हणजे पातं. पश्चिम बंगाल आणि ओडिशातही मार्च ते मे दरम्यान टोर्नेडो होतात, 31 मार्च 2024 ला जलपायगुडी जिल्ह्यात झाला तो अलीकडचा. तिथलीही वस्ती पुष्कळशी पत्र्याच्या छपराखालीच आहे.

जॉप्लिनमध्ये नव्या घराला निवारा असलाच पाहिजे अशी सक्ती झाली नाही. अनेकांनी स्वखर्चाने गॅरेजच्या जमिनीत पोलादी पेटी बसवून घेतली. खर्च काही हजार डॉलरचा. भाड्याने राहणाऱ्यांसाठी हा निर्णय अजून घरमालकाच्या हातात आहे.